रडताय की शेकताय?

९ फेब्रुवारी

बाबा,

हे पत्र मी इतकं टाळलं, इतकं टाळलं, की शेवटी टाळायचाच कंटाळा आला. आधी पेन नव्हतं. मग पेन मिळालं तर कागद बिनरेघांचा, आणि बिनरेघांच्या कागदावर माझ्या ओळी डोंगर चढायला लागतात हे तुम्ही अख्ख्या वर्गासमोर सांगून ठेवलेलं. मग खोली बदलली. या खोलीला खिडकी आहे. खिडकीसमोर एक माणूस छत्र्या दुरुस्त करतो, त्याच्याकडे बघत बसलं की दुपार जाते. मी घरातून निघाले तेव्हापासून ‘उद्या लिहू’ चाललंय.

आज मात्र तुमचं पत्र आलं. मला नाही, आमच्या टीव्ही वाहिनीला. मुकादमाने ते सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचलं. तेव्हा म्हटलं, आता बसा आणि लिहा.

मुकादम म्हणजे आमचा मुख्य लेखक. ‘वरचा मजला’ ही विनोदी मालिका तो चालवतो. मी कारखान्यात बाटल्यांना बुचं लावली, बस धुतल्या, एका हॉटेलात किल्ल्या दिल्या-घेतल्या, आणि मग या लोकांना चहा द्यायला लागले. चहा देता देता एकदा तोंडातून काहीतरी निघून गेलं आणि सगळे हसले. मुकादम म्हणाला, “कप खाली ठेव आणि तिथे बस.” तेव्हापासून बसलेय. तुम्हाला पटणार नाही, पण एका जागी एवढा वेळ बसलेली मी आयुष्यात पहिल्यांदाच.

तुमच्या पत्रात लिहिलंय, ‘कोणा एका अर्धशिक्षित लेखिकेने एका थोर कथेची विटंबना केली आहे.’ मुकादमाने चष्मा वर केला. “सही बघ. आडनाव तुझंच दिसतंय!” मी म्हटलं, “असतात पुष्कळांची.” पण ‘अर्धशिक्षित’ ऐकलं तेव्हाच मला कळलं की मालिकेच्या शेवटी पळणारी नावांची पट्टी तुम्ही नीट वाचलीय. बाकी कोणी ती वाचत नाही. लोक तेव्हा उठून पाणी प्यायला जातात.

तर त्या भागाबद्दल. आमच्या लेखकांच्या खोलीत शाळेच्या जुन्या पुस्तकांची एक फळी आहे. त्यातल्या गोष्टी आम्ही वापरतो, त्याला आमच्यात ‘धड्यातला माल’ म्हणतात. कारण असं, की धडा सगळ्यांनी घोकलेला असतो. त्यामुळे अर्धा विनोद बघणाऱ्याच्या डोक्यात आधीच तयार असतो, आपण फक्त शेपूट जोडायचं. नवऱ्याने हिवाळ्यात घराचं दार काढून विकलं एवढं दाखवलं, की बघणारा सावरून बसतो. अरे, ही तर आपली दाराची गोष्ट!

तुमची दाराची गोष्ट, बाबा. दर वर्षी नववीला तुम्ही ती वाचायचात. घरात आजारी बाळ, बाहेर बर्फ, जाळायला काही नाही. नवरा दार विकून कोळसा आणतो. मग उघड्या दारातून वारं आत येतं, आणि बायको रात्रभर दारात उभी राहते, पाठीवर वारं घेत. सकाळी बाळ जगलेलं असतं आणि ती उभ्या उभ्या गोठलेली. शेवटची ओळ वाचताना तुम्ही चष्मा काढायचात. ‘घराला दार नव्हतं.’ मग थांबायचात. पुढच्या बाकावरच्या मुली तिथेच रडायला लागायच्या. मग हळूच, ‘ती होती.’

आणि मी हात वर केला होता. आठवतं? धड्यात लिहिलं होतं की नवरा कोळशाजवळ बसून रडत होता. मी विचारलं, “सर, तो रडत होता की शेकत होता?”

वर्ग फुटला हसून. तुम्ही मला उभं केलंत, तास संपेपर्यंत.

मालिकेतली बायको दारात उभी राहते, मागे व्हायोलिन वाजतं, ती मान वळवून तेच विचारते. “अहो, रडताय की शेकताय?” नवरा म्हणतो, “दोन्ही.” ती म्हणते, “मग उठा. आता तुम्ही दार व्हा.” आणि आत येऊन शेगडीपाशी बसते. विटंबना एवढीच.

माफी मागा, असं तुम्ही तुमच्या शिक्षक संघटनेच्या नावाने वाहिनीला लिहिलंय. मी मागणार नाही. पण मला एक सांगा. आईने तो भाग पाहिला का? आणि पाहिला असेल तर, आई हसली का?

तुमची
नववी अ

*

२१ फेब्रुवारी

बाबा,

माझं पत्र परत आलं. लाल शाईने तपासलेलं.

आधी मला वाटलं, पत्ता चुकला असेल. मग उघडलं तर ऱ्हस्व-दीर्घाला गोल, ‘शेपूट जोडायचं’ याच्याखाली रेघ आणि समासात ‘असभ्य’. शेवटी शेरा: ‘विषयाला सोडून. पाल्हाळ. छत्रीवाल्याचा संबंध काय?’ सही सुद्धा केलीत, बाबा. गुण तेवढे दिले नाहीत.

मी ते पत्र लेखकांच्या खोलीत नेऊन सगळ्यांना दाखवलं. तुम्ही माझे वडील आहात हेही तेव्हाच सांगून टाकलं, लपवण्यात काही राम उरला नव्हता. आमच्यात एक लेखक आहे, त्याला खोकला म्हणतात, कारण त्याला हसू आलं की खोकला येतो. तो इतका खोकला की पाणी द्यावं लागलं. आमच्या बायकोने, म्हणजे मालिकेत बायको होते तिने (तिला सगळे बायकोच म्हणतात, तिचा खरा नवरा सोडून), पत्र हातात घेतलं आणि म्हणाली, “अगं, यांनी प्रत्येक ओळ वाचलीय. माझ्या वडिलांनी माझं एक काम बघितलं नाही.”

ते माझ्या मनात राहिलं. पण म्हणून मी नरमले असं समजू नका.

छत्रीवाल्याचा संबंध सांगते. तो दुकान सोडून कुठे जातच नाही. गिऱ्हाईक नसलं तरी दारात उभा. मी विचारलं, “काका, बसत का नाही?” तर म्हणाला, “बसलो तर लोकांना वाटेल बंद आहे.” त्याच्याकडे बघितलं की मला आई आठवते. हा संबंध.

तुम्ही घराची किल्ली कधीच नेली नाहीत, बाबा. शाळेत असताना नाही, सभांना जाताना नाही, आता निवृत्त झाल्यावर फिरायला जाता तेव्हाही नसणार. “घरात माणूस असताना किल्ली कशाला?” असं तुम्ही म्हणायचात. ते माणूस म्हणजे आई. तुमची घंटा ठरलेली, दोन तुटक, एक लांब. ती वाजली की आईने हातातलं काहीही टाकून दार उघडायचं. साबणाच्या हाताने उघडायची. ताप असताना उघडायची. मावशीला बाळ झालं तेव्हा आई चार दिवस जाणार होती. बॅग भरली, आणि मग बॅग परत रिकामी केली. “यांना दार कोण उघडेल?” असं ती मला म्हणाली. तिच्या तोंडावर तक्रार नव्हती, तेच मला सहन होत नव्हतं.

मी होतेच की घरी. पण मी उनाड. माझा भरवसा नाही. हेही तुमचंच म्हणणं, आणि ते खरं होतं, तेव्हा ते सोडून देते.

तर नववीत मी तो प्रश्न वात्रटपणा म्हणून विचारला नव्हता. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. सगळा वर्ग त्या बायकोच्या पाठीकडे बघून रडत होता आणि मी त्या नवऱ्याच्या हातांकडे बघत होते. ते नक्की शेगडीवर धरलेले होते. लेखकाने लिहिलं नसलं म्हणून काय झालं?

या पत्रावरही लाल शाई चालेल. पण उत्तर राहिलंय. आई हसली का?

*

६ मार्च

बाबा,

या वेळी तुम्ही माझं पत्र ठेवून घेतलंत आणि स्वतःचं पाठवलंत. आभार. अक्षर तसंच आहे, फळ्यावरच्यासारखं.

तुम्ही लिहिता, ‘तुझ्या त्या प्रकाराने तुझी आई व्यथित झाली असून तिने अन्न वर्ज्य केले आहे.’ पुढे लिहिता की मी माफीनाम्यावर सही केली तर ‘या घराचे दार’ मला उघडं आहे.

ते वाक्य मी खूप वेळ वाचत बसले. हेवा वाटावा असं वाक्य आहे. जाताना तुम्ही मला म्हणाला होतात, “जा, पण पुन्हा या दारात उभी राहू नकोस.” मी परीक्षा न देता बॅग उचलली होती, तुम्ही खुर्चीतून उठला नव्हता, आणि दार उघडून धरलं होतं कोणी? आईने. तेव्हाही तीच.

आई जेवत नाही हे वाचून मी ताट बाजूला सारलं. घरी फोन केला. तुम्ही उचललात आणि “चुकीचा नंबर” म्हणालात. अजून थोडा आवाज बदलायला शिका, बाबा. आमच्या खोकल्याला सुद्धा तुमच्यापेक्षा बरा अभिनय येतो. मी परत केला तर नुसतंच वाजत राहिलं.

मग मी मुकादमाकडे गेले आणि म्हटलं, सही करते. हो, म्हटलं मी तसं. वाहिनीच्या साहेबांनी दोन ओळी आधीच तयार ठेवल्या होत्या. ‘एका अभिजात कथेचा अवमान झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमचा हेतू केवळ मनोरंजनाचा होता.’ पेन टेकवलं, आणि ‘केवळ’वर अडकले.

केवळ नव्हताच हो हेतू! बस धुताना रिकाम्या बसमध्ये मी ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायचे, तुमच्या आवाजात, चष्मा काढल्यासारखं करून. मला दुसरं काही पाठच नाही. पाढे नाहीत, कविता नाहीत. दाराची गोष्ट आहे. जी गोष्ट माझी नाही तिची मी थट्टा कशाला करीन? परक्यांची थट्टा करायला मला वेळ नाही.

तेवढ्यात बायको मेकअपच्या खोलीतून अर्धा चेहरा रंगवून बाहेर आली. “काल माझ्याकडे एक बाई आली बाजारात,” ती म्हणाली. “पिशव्या खाली ठेवल्या, माझा हात धरला आणि म्हणाली, ‘मी घरी गेल्यावर यांना तेच विचारलं.’ मी म्हटलं, ‘मग?’ तर म्हणे, ‘मग काय, ते उठले आणि दार लावून घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा.’ आता तू त्या बाईची माफी मागणार आहेस का?”

मी पेन खाली ठेवलं.

साहेब म्हणाले, “विचार कर. पुढच्या शुक्रवारपर्यंत.” मी म्हटलं, “मी विचार केला की माझं बिघडतं.” तेवढंच सुचलं.

आई जेवली का, ते कळवा. आणि ‘व्यथित’ कशाने झाली, तेही. विनोदाने, की आणखी कशाने? तुम्ही मराठी शिकवायचात. असं मोघम लिहू नये.

*

१४ मार्च, शुक्रवार, दुपार

बाबा,

उत्तर नाही. लाल शाई नाही. म्हणून मीच कळवते.

सही केली नाही. साहेबांनी समजावलं, मग दटावलं, मग पाणी मागवलं. मुकादम माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं होतं. तो छताकडे बघत होता. त्याला दोन मुलं आहेत, त्याला दोष नाही. शेवटी ठरलं ते असं: पुनःप्रसारण होईल, तो विनोदही राहील, कारण लोकांना हवाय, पण नावांच्या पट्टीतून माझं नाव जाईल. आणि तुमच्या संघटनेला कळवतील की ‘संबंधित व्यक्तीवर कारवाई झाली आहे’. तेव्हा अभिनंदन. संबंधित व्यक्ती मी.

नाव गेलं, ओळ राहिली. तुमच्या त्या थोर लेखकालाही कोणी नावाने ओळखत नाही, बाबा. सगळे म्हणतात दाराची गोष्ट. मला चांगली संगत मिळालीय.

खोकला म्हणाला, “आता तू जाणार असशील. तुझी बॅग भरलेलीच असते म्हणे.” असते खरी. आजवर कोणी मला उभं केलं की मी उभ्या उभ्या निघून गेलेय. शाळेतून, घरातून, हॉटेलातून. या वेळी मी खुर्ची ओढली, बसले आणि पुढच्या भागाचा पहिला प्रसंग लिहायला घेतला. नाव असो वा नसो. ज्याला मला उठवायचंय त्याने खुर्चीसकट उचलून न्यावं.

बॅगेतले कपडे काढून कपाटात ठेवले. कपाटाला वास येतोय, पण ते माझं कपाट आहे.

दाराच्या गोष्टीत माझ्या मते एक चूक आहे, ती जाता जाता सांगते, भले तुम्ही समासात काहीही लिहा. लेखकाला वाटलं शेवटची ओळ त्या बायकोबद्दल आहे. ती नवऱ्याबद्दल आहे. घराला दार नव्हतं, ती होती, आणि म्हणून त्याला सकाळपर्यंत एकदाही उठावं लागलं नाही.

थांबा. कोणीतरी दार वाजवतंय. खालची घरमालकीण असेल, तिला माझ्या नळाचा आवाज

*

त्याच दिवशी, संध्याकाळ

बाबा,

आई आलीय.

वरचं वाक्य तसंच अर्धं ठेवलंय, खोडलं नाही. दार उघडलं तर आई. हातात ती मावशीकडे न गेलेली बॅग. तिला एकटीने रस्ता ओलांडतानाही मी पाहिलं नव्हतं, आणि ही दोन गाड्या बदलून आलेली. पत्ता कुठे मिळाला विचारलं तर म्हणाली, “पाकिटावर. मागे प्रेषक नीट लिहायला तुला त्यांनीच शिकवलं ना?”

मी म्हटलं, “आई, दारात का उभी आहेस?”

“तू बाजूला हो, मग आत येते.”

मी बाजूला झाले. ती आली आणि सरळ खाटेवर पाय वर घेऊन बसली. खोलीकडे बघितलं, कपाटाचा वास घेतला, म्हणाली, “कडुनिंब नाहीतर कापूर ठेव.” मी विचारलं, “जेवलीस का? बाबांनी लिहिलंय तू जेवत नाहीस.”

“ते जेवत नाहीयेत,” आई म्हणाली. “माझं काय, मी रोज जेवतेय. दोघांचं केलेलं मीच संपवतेय, बघ किती सुटलेय.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तुम्ही कळवलं नाहीत ते. तो भाग लागला तेव्हा आई हसली. साधी हसली नाही, पदर तोंडात कोंबून हसली, मग पदर सुटला. तुम्ही टीव्ही बंद केलात तरी थांबेना. स्वयंपाकघरात गेली आणि तिथे भांड्यांच्या आवाजात हसत राहिली. मग तुम्ही वाहिनीला पत्र लिहायला बसलात, पायाशी हीटर घेऊन, डोळे पुसत. आणि आई दारात येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं.

तिने तुम्हाला विचारलं, बाबा. तेच. ‘अहो’ सकट.

तेव्हापासून तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत, आणि मला लिहिलंत की ती व्यथित आहे. मराठीचे शिक्षक ना तुम्ही! कर्ता बदलून टाकलात.

मी विचारलं, “आई, पण हसलीस कशाला एवढी?”

ती म्हणाली, “अगं, तू नववीत विचारलंस ना, त्या दिवशी घरी येऊन ते किती चिडले होते. मला सगळं सांगितलं. मी तेव्हा पोळपाटाकडे तोंड करून हसू दाबलं होतं. ते आता बाहेर आलं.”

आज सकाळी तुमच्या संघटनेची सभा होती, माझी माफी आली की तुमचं अभिनंदन करायला. आईने तुम्हाला कोट दिला, दार उघडलं, तुम्ही गेलात. मग तिने बॅग भरली, बाहेर आली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दाराला बाहेरून कुलूप लावलं. म्हणाली, “कडी आतून लावायची सवय गं. कुलूप कुठल्या बाजूला फिरतं तेच कळेना.”

ती किती दिवस राहणार, मी विचारलेलं नाही. ती खिडकीशी बसून छत्रीवाल्याकडे बघतेय. आत्ताच म्हणाली, “त्याला एक स्टूल तरी द्या कोणी.”

हे पत्र तुमच्या संघटनेच्या पत्त्यावर टाकतेय. आपल्या घरी पाठवलं असतं तर पोस्टमनने फटीतून आत टाकलं असतं, आणि तुम्ही आत आहात की बाहेर याची मला खात्री नाही. घाबरू नका, किल्ली आपल्या शेजारच्या काकूंकडे आहे. आईने तुमच्यासाठी चौकातल्या कुलूपवाल्याकडून वेगळी करून घेतलीय, दोरीसुद्धा बांधलीय, खिशातून पडू नये म्हणून.

काकूंची घंटा वाजवा. दोन तुटक, एक लांब असं तिथे चालणार नाही, त्यांना ऐकू कमी येतं आणि गुडघेही दुखतात. त्या उठून दार उघडेपर्यंत तुम्हाला जरा उभं राहावं लागेल.